लांब पडलेला ठिपका

डोळे मिटा पाहू. समोर पांढराशुभ्र पडदा आहे आणि त्यावर निळे मणी सांडावेत तसे ठिपके पसरलेत. प्रत्येक ठिपका म्हणजे एक संध्याकाळ. डावीकडच्या संध्याकाळी गार, उजवीकडच्या उबदार. ठिपका जितका वर, तितकी त्या दिवशी रातकिड्याची किरकिर भरभर. दिसलं? मग उघडा डोळे, कारण एक नऊ वर्षांची मुलगी हे सारं उघड्या डोळ्यांनी पाहत होती, आत्याच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर.

आत्या कीटकांचा अभ्यास करायची. यंदा मोजणीची वही तिने भाचीकडे सोपवली होती. रोज तिन्हीसांजेला गच्चीत बसायचं, थर्मामीटर पाहायचा, मिनिटभर रातकिड्याचे आवाज मोजायचे आणि लिहायचं. छत्तीस संध्याकाळी झाल्या होत्या. शेवटपर्यंत वही आपल्याकडेच राहावी, एवढंच मुलीला हवं होतं.

"आता रेषा," म्हणत आत्याने सॉफ्टवेअरमधलं बटण दाबलं. ठिपक्यांमधून एक तांबडी रेषा अलगद वर चढत गेली.

"ही तर कुणाला नीट शिवतसुद्धा नाही."

"सगळ्यांच्या जवळून जायचं ना तिला. मग एकाच्याच कडेवर बसून कसं चालेल?"

मुलीला वाटलं, या रेषेवरून अनवाणी चालत जावं, गार संध्याकाळींतून उबदार संध्याकाळींत. दोन्ही बाजूंना ठिपके हळूच किरकिरतील.

पण डावीकडे, पार वर, एक ठिपका एकटाच बसला होता. त्याच्या ओढीने रेषेचं ते टोक उचललं गेलं होतं.

"हा कोण रुसलेला पाहुणा?" न्यायला आलेले बाबा म्हणाले. "पुसून टाक की, ताई."

"लांब बसला म्हणून हाकलायचं होय रे? कारण सापडलं तर काढेन, नाहीतर राहील." आत्या मुलीकडे वळली. "काय गं, त्या दिवशी काय झालं होतं?"

मुलीला सगळं आठवत होतं. अंगाभोवती ब्लँकेट होतं. दोन-चार आवाज मोजले, आणि मग रातकिडे गच्चीभर झाले, तिच्या केसांत, बाहीत, सगळे एका तालात. एकशे नव्वदपर्यंत मोजल्यावर जाग आली. आकडा इतका छान वाटला की तिने तोच लिहिला.

खरं सांगितलं तर वही जाणार. गप्प राहिलं तर रेषा तशीच चुकीची राहणार.

"आत्या, तो ठिपका मी झोपेत मोजलाय."

बाबा फिसकन हसले. आत्या हसली नाही. तिने कीबोर्ड पुढे सरकवला. "मग तुम्हीच करा दुरुस्ती, मोजणीदारबाई."

मुलीने खुर्ची ओढली. स्क्रीनवरच्या आकड्यांच्या तक्त्यातलं एकशे नव्वद पुसलं. त्या जागी दुसरा आकडा घातला नाही, घर रिकामंच ठेवलं. शेजारच्या शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, 'झोप लागली'. बटण दाबलं. रेषेचं टोक हलकेच खाली उतरलं, तेवढा वेळ ती मान तिरकी करून पाहत राहिली. मग कुणाला न विचारता तिने वही उघडली आणि नव्या ओळीत आजची तारीख घातली.