पन्नाशीच्या दाराची वाव

मेर्तासारी गावाला पन्नास वर्षं होणार, म्हणून वेशीवर दार बांधायचं ठरलं. बालीत असतं तसंच, मधोमध उभं चिरलेलं, दोन सुट्या अर्ध्या पाखांचं. डावी पाख पूर्व आळीने बांधायची, उजवी पश्चिम आळीने. बालीहून बोटीने येऊन सुलावेसीचं हे रान तोडणाऱ्यांची तेवढीतरी शोभा राखायला हवी होती.

पहिला टप्पा चढला आणि गाव गार पडलं. डावी पाख वीतभर उंच!

घर मालकाच्या वावेने मोजायचं, दोन्ही हात पसरून, हे शेंबडं पोरही जाणतं. म्हणून दोन्ही आळ्यांनी आपापल्या म्होरक्याच्या मापाची काठी तोडली. पूर्वेचा म्होरक्या ताडमाड, पश्चिमेचा ठेंगू.

"पूर्वेची पाडा," सभेत पश्चिमेचे म्हणाले. "त्या दारातून जायला देवांनाही शिडी लागेल."

पूर्वेचा मिस्त्री म्हणजे कोमांग सुचियानीचा बाप. वीट विटेवर पाण्याने घासून त्याने महिनाभर ती पाख चढवली होती. एकट्याचीच पाडली, तर उत्सवात तो मान वर करणार नव्हता.

कॉफीचं तबक हातात धरूनच कोमांग म्हणाली, "दार कुणाचं?"

"गावाचं. कॉफी ठेव आणि जा," पश्चिमेचा म्होरक्या म्हणाला.

"मग म्होरक्यांचे हात कशाला मोजले? गावाचे मोजा."

"गावाला हात असतात होय गं?"

"असतात की. या मातीत सगळ्यांत आधी कोण जन्मलं?"

माना वळल्या. इबू केर्ती, डुकरं पाळणारी, सभेच्या दारात उभी राहून केळी खात होती. गावाएवढीच, पन्नाशीची. "मला कशाला मध्ये ओढता?" असं म्हणतच तिने हात पसरले.

दोन्ही काठ्या लावून पाहिल्या. माप ना पूर्वेशी जुळलं, ना पश्चिमेशी. कोमांगने तबक खाली ठेवलं. बापाची पाख वाचवायला गेली आणि तीच पाडायची वेळ आणली.

"बापा, तुमचीही पडणार," ती हळूच म्हणाली.

बाप मात्र हसत होता. "एकट्याची पडली तर फजिती. दोघांची पडली तर गावकी. चल, हातोडी आण."

तीन महिने दोन्ही आळ्या केर्तीच्या वावेच्या एकाच काठीने राबल्या. उत्सवाच्या सकाळी दोन्ही मिस्त्र्यांनी दोन माथ्यांमध्ये दोरी ताणली आणि पातळी बघायला पाण्याची नळी धरली. नळीतलं पाणी दोन्हीकडे सारखं थांबलं. खालून ढोल झडले, आणि माथ्यावरून बापाने अख्ख्या गावादेखत हाक मारली, "कोमांग, वर ये. शेवटची वीट तू बसव."

ती शिडी चढू लागली, भरभर, मागे न बघता.