नेव्हर माइंड

अनुजाने मोबाइल तेजस्वीबाईंसमोर धरला आणि बोटाने एक ओळ दाखवली.

“बाई, ह्येचो अर्थ काय?”

बाई आचऱ्याला हायस्कुलात इंग्रजी शिकवत. त्यांनी चष्मा लावून वाचलं. नेव्हर माइंड. पाठवणारा दत्तप्रसाद, अनुजाचा नवरा. मस्कतला क्रेन चालवायचा. असले इंग्रजी तुकडे त्याच्या तोंडी बसले होते. ह्या मेसेजनंतर तीन दिवसांनी तिथेच त्याचं हृदय बंद पडलं. त्याला आता चार महिने झाले. दिवसकार्यात सगळं घर रडलं, अनुजा रडली नव्हती. लोक म्हणाले, खंबीर आहे.

“तू काय समजलस?” बाईंनी विचारलं.

“त्याच दिवशी ओवीच्या डिक्शनरीत एकेक शब्द बघलंय. नेव्हर म्हणजे कधीच नाय. माइंड म्हणजे मन.” तिचा आवाज सपाट होता. “माझ्यात तेंचा मन कधीच नव्हता.”

बाईंनी वरचे मेसेज पाहिले. त्याने काहीतरी लिहून लगेच पुसलं होतं. खाली तिचा प्रश्न, ‘काय लिवलात?’ त्यावर हे उत्तर. पुढे काही नाही.

“असे शब्द सुटे करून अर्थ लावूचो नसता गो. आपण आसांदे म्हणतो, तसा ता. काय तरी सांगूचा होता, मगे म्हटल्यान, ऱ्हवांदे, जाऊ दे. इतक्याच.” बाईंना हलकं वाटलं. “वाईट काय नाय त्यात. उगाच जिवाक लावन घेतलस.”

अनुजाने मान हलवली. हातातला चहाचा कप चटके देत होता, पण तो खाली ठेवावा हे तिला सुचलं नाही.

“दुसऱ्या दिवशी सांजेक तेंचो फोन इलो,” ती म्हणाली. “दोनदा. मी तांदूळ निवडत होतंय. फोन बाजूकच वाजत होतो.”

“मगे?”

“उचलूक नाय.”

बाईंनी चष्मा काढला. त्या म्हणाल्या, “पण तुका अर्थ ठावक नव्हतो.”

“नव्हतो,” अनुजा म्हणाली. “आजपर्यंत नव्हतो.”

बाहेर एसटी थांबल्याचा आवाज आला. तिची लेक ओवी ह्याच गाडीने शाळेतून यायची. अनुजा उठली, मोबाइल पिशवीत टाकला आणि बाईंना येते म्हणून पायऱ्या उतरली. बाईंनी पाहिलं, तिच्या चपला दारातच राहिल्या होत्या.