राजकन्येचं गाठोडं

चैत्राली कागद फडकावत रागाने आली. अख्खा रविवार घालवून, तीनदा पुन्हा लिहून तिने एक पान तयार केलं होतं, आणि त्यातल्या बरोब्बर मधल्या सात ओळींवर लाल काट!

"उल्हासकाका, हे कोणी खोडलं?"

"मी. अगं, आपल्या प्रमुख पाहुण्या त्या. रशियाच्या झारच्या, म्हणजे सम्राटाच्या, घराण्यातल्या राजकन्येची नात! आणि तू लिहितेस, त्यांची आजी दारोदार कापड विकायची? मंडळाच्या वर्धापनदिनाला शोभतं का हे?"

"पण विकायचीच!"

"असेल गं. बोलू नये." जपानमधल्या मराठी मंडळाचे अध्यक्ष उल्हासकाका माइकच्या वायरीचा गुंता सोडवत म्हणाले. "मी घातलंय तिथे छानपैकी. राजवाडा, हिरेमाणकं."

चैत्राली नववीतली. योकोहामाला तिच्याच मजल्यावर राहणाऱ्या ब्याऐंशी वर्षांच्या व्हेरा-सान, म्हणजे व्हेराबाई, तिला तीन वर्षं पियानो शिकवत होत्या. त्या कुठे म्हणजे कुठे जात नसत. फुनाबोरीच्या या हॉलपर्यंत आल्या त्या एकाच अटीवर. "माझी आजी लिडिया पोटासाठी काय करायची, ते सांगणार असाल तर येते. बाकी सगळे नुसते हिऱ्यांचंच विचारतात." आणि चैत्रालीने छातीठोकपणे शब्द दिला होता. शब्द!

कार्यक्रम सुरू झाला. काकांनी ओळख वाचली. राजवाडा आला, घोडागाडी आली, झग्याच्या अस्तरात शिवलेले हिरेसुद्धा आले. टाळ्यांचा कडकडाट! स्टेजवर दुभाषी म्हणून शेजारी बसलेल्या चैत्रालीकडे वाकून व्हेरा-साननी जपानीत विचारलं, "कापडाचं सांगितलं ना?"

नुसतं 'हो' म्हटलं असतं तरी सगळं गोडीत मिटलं असतं. त्यांना मराठीचं अक्षर कळत नव्हतं. पहिल्या रांगेतून आई डोळे वटारून नेमकं तेच सुचवत होती.

"नाही," चैत्राली म्हणाली. "खोडलं त्यांनी. हिरे घातले."

व्हेरा-सान लालबुंद झाल्या. "हिरे होते, तर माझी आई लहानपणी उपाशी का झोपायची?"

बस्स! चैत्राली ताडकन उठली आणि काकांच्या हातातला माइक घेतला. घेतला कसला, हिसकावलाच.

"ही ओळख खोटी आहे! रशियात क्रांती झाली आणि राजकन्या लिडिया जपानला आल्या, तेव्हा नवरा अंथरुणाला खिळलेला आणि पदरात तीन मुलं. त्यांनी पाठीवर कापडाचं गाठोडं बांधलं आणि योकोहामाचे चढ चढल्या. लोकांनी तोंडावर दारं आपटली, तरी तीस वर्षं चढल्या! आणि आपण तेवढंच खोडतो? लाज त्यांना नव्हती वाटत. आपल्याला कसली वाटते?"



"खाली उतर आधी," काका दातओठ खात पुटपुटले. मग घसा खाकरून, मोठ्याने, "तर आता सत्कार!"

व्हेरा-सानच्या हातात नारळ आला, खांद्यावर शाल आली. त्यांनी शाल लगेच ओढून काढली, चिमटीत धरून चोळली, दिव्याकडे धरून पाहिली आणि जपानीत काहीतरी ठणकावून बोलल्या.

"आभार मानतायत ना?" काकांनी आशेने विचारलं.

"नाही काका." माइक अजून चैत्रालीकडेच होता. "म्हणतायत, वीण विरळ आहे. असला माल आजी कुणाच्या दारात नेत नसे."

व्हेरा-साननी शालीची नेटकी चौपदरी घडी घातली आणि काकांच्या हातात परत दिली. नारळ मात्र ठेवून घेतला.