झोळीतला गोटा

भगीरथला पहिला मुलगा झाला ते साल दोन हजार बावीस. भात कापून खळ्यावर आलं होतं. मुलाचं नाव सुरज ठेवलं. भगीरथची आई तानी ही आटगावच्या आतल्या वाडीची जुनी सुईण. नातू दवाखान्यात जन्मला, तरी घरी आल्यावर पहिली आंघोळ तिनेच घातली. बारशाला तिने माहेराहून, मुरबाडकडच्या सिद्धगडाच्या ओढ्यातून, दोन मुठींएवढा काळा गोटा आणवला आणि सुरजच्या झोळीत पायांकडे गाठ मारून बांधला. सासूने घालून दिलेली रीत होती ती. पहिला दात येईपर्यंत गोटा काढायचा नाही. त्याने पोर गोट्यासारखं घट्ट होतं, अशी समजूत.

त्याच हिवाळ्यात मुंबईच्या एका संस्थेने वाडीतल्या तान्ह्या मुलांचा अभ्यास सुरू केला. पोर किती वाढतं, मान कधी धरतं, हाकेला वळतं का, हे दोन वर्षं लिहायचं होतं. संस्थेतर्फे शहापूरची रुपाली खुळखुळे आणि रंगीत ठोकळे घेऊन तीन महिन्यांनी एकदा यायची. दर महिन्याचं वजन घ्यायला वाडीतलंच माणूस हवं होतं. तानी अठ्ठावन्नाव्या वर्षी देवळाच्या ओट्यावर अक्षरं शिकली होती, आकडे नीट काढायची. काटा तिच्या ओटीच्या वाशाला टांगला गेला.

मग वाडीत तानीचं वजन वाढलं. प्रत्येक पोराच्या वजनाच्या कार्डावर हिरवा, पिवळा आणि लाल असे पट्टे होते. वाडीतल्या सावळीची लेक काजल लालमध्ये आली तेव्हा सगळ्या बायांसमोर तानी म्हणाली, "सावळे, पोर लाल पट्ट्यात आनि तू हसतेस? चुलीत लाकडं नायत का गो तुझ्या?"

सावळी तशीच उठली. लेकीला घेऊन शहापूरच्या दवाखान्यात चौदा दिवस राहून आली.

तीन महिने सुरज हिरव्यात होता. चौथ्यात त्याची आई प्रेमा भेंडी तोडायला जाऊ लागली. पहाटे पाजून जायची, उन्हं उतरल्यावर यायची. मधल्या वेळी तानी नातवाला पेज पाजायची, पातळ, गाळलेली. "पेजेवर माझी पाच वाढली," असं ती सांगायची. पाच झाली होती, जगली तीन.

महिन्याच्या शेवटी तिने सुरजला काट्याला लटकणाऱ्या कापडी चड्डीत घालून टांगलं. काटा थांबला तो आकडा कार्डावर लालमध्ये पडत होता. तिने काट्याला टिचकी मारली. तो हलला आणि तिथेच आला. ओटीवर कुणी नव्हतं.

तिने पोराला उतरवलं, त्याच्या झोळीत घातलं आणि झोळीच काट्याच्या हुकाला लावली. गोटा काढायचा नसतोच, असं ती मनात म्हणाली. आता वजन हिरव्यात गेलं. तिने तो आकडा लिहिला. पाचव्या महिन्यात तसंच. सहाव्यात साडेसहा किलो. त्या दिवशी आकडा लिहिताना तिने पोराकडे पाहिलं नाही.

मे महिन्यात रुपाली आली. ओटीवर पाच-सहा बाया पोरं घेऊन बसल्या होत्या. प्रेमाने त्या दिवशी खाडा केला होता. रुपालीने सुरजच्या कानामागे खुळखुळा वाजवला. तो उशिराने वळला, आणि पुन्हा डोळे मिटले. बसवलं तर कलंडला. ठोकळा हातात दिला, तो बोटांतून सुटला.

रुपालीने कार्ड पाहिलं, मग पोराकडे पाहिलं.

"वजन तर छान आहे," ती म्हणाली. "म्हणजे खाण्याची अडचण नाही. ताई, घाबरू नका, पण याला मुंबईला मोठ्या डॉक्टरांना दाखवू. डोक्याची तपासणी करावी लागेल."

"डोक्याची?" प्रेमाने पोराला ओढून घेतलं. "माझा पोरगा येडा हाय का?"

"तसं नाही म्हणत मी..."

"मंग काय म्हनता? आई, तुमी तरी बोला ना! तुमी इतकी पोरं बघितली."

तानी उठली. आत जाऊन तिने झोळीची गाठ सोडली, गोटा आणला आणि सगळ्यांसमोर रुपालीच्या पुढ्यात ठेवला.

"ह्यो पन जोकला मी," ती म्हणाली. "पोरासंगती. तीन महिने."

रुपालीने आधी गोटा झोळीत घालून काट्याला लावला. एक किलो. मग सुरजला. साडेपाच.

"भुकेला हाय त्यो," तानी म्हणाली. "येडा नाय. येडी मीच."

"तुमी सांगायचं व्हतं मला," प्रेमा हळूच म्हणाली. "मी भेंडीला गेलीच नसती." त्यानंतर बरेच दिवस ती सासूशी बोलली नाही.

सावळी कडेला बसली होती. "आजी," ती म्हणाली, "चुलीत लाकडं नायत का?"

कुणी हसलं नाही. मग तीच प्रेमाकडे वळली. "गोधडी जाड घे. दवाखान्यात रातचं गार लागतं."

रुपालीने कार्ड पुढे केलं. तानीने कनवटीचा खोडरबर काढला.

"खोडायचं नाही, आजी. चुकलेल्या आकड्यावर एकच रेघ मारायची. खालचा आकडा वाचता आला पाहिजे. बाजूला सही आणि तारीख."

"कुनालाबी वाचता येईल?"

"हो."

तानीने तीन रेघा मारल्या, तीन सह्या केल्या. तिसरी रेघ वाकडी गेली.

प्रेमा पोराला घेऊन चौदा दिवस शहापूरला राहिली. सुरज तिसऱ्या आठवड्यात हाकेला वळला, दिवाळीआधी बसू लागला, चालायला मात्र दीड वर्षाचा झाल्यावर लागला. काटा तानीच्याच ओटीवर राहिला, पण तिच्या प्रत्येक आकड्याशेजारी सावळीची सही लागायची. तानी स्वतःच कार्ड घेऊन तिच्या दारात जायची. सही होईपर्यंत उभी राहायची. सावळीने बस म्हटलं तरी बसायची नाही.

तानी दोन हजार पंचवीस साली, होळीच्या आदल्या मंगळवारी वारली. तेव्हा सुरज दोन वर्षं चार महिन्यांचा होता, आणि त्याच्या कार्डावरच्या तीन रेघांखालचे आकडे अजून वाचता येत होते.