तिसरी हाक

इंग्रजीच्या पेपरात मी दरवर्षी एक प्रश्न हमखास घालायचे. लॉस्ट आणि मिसिंग, या दोन शब्दांच्या अर्थांतला फरक उदाहरण देऊन सांगा. दिल्लीत पहाडगंजच्या मराठी शाळेतली आमची मुलं तो प्रश्न सरळ सोडून देत. मराठीत दोन्हींना 'हरवलेला' म्हणून मोकळं होता येतं, आणि दिल्लीत वाढलेल्या त्या मुलांना तेवढा एक शब्द आठवला तरी मी देवाला हात जोडत असे. तो फरक मला आयुष्यात एकाच बाईनं मनापासून विचारला. तिला कुठलीही परीक्षा द्यायची नव्हती.

तिचं नाव विजयमाला. तिचा नवरा हिंदुराव शेळके फौजेत नायक होता. एकाहत्तरच्या डिसेंबरात, पश्चिमेच्या सीमेवर, एका हल्ल्यात तो पुढे गेला आणि परत आला नाही. देह सापडला नाही. पलटणीच्या साहेबांनी दिल्ली छावणीतल्या क्वार्टरवर येऊन तिला सांगितलं, मिसिंग आहे. पुढच्या वर्षी कैद्यांची अदलाबदल झाली, वाघा सीमेवरून आपले जवान परतले. त्यांच्यातही तो नव्हता. मूलबाळ नव्हतं. तरी विजयमाला तासगावकडच्या आपल्या गावी गेली नाही. छावणीतल्या महिला केंद्रात शिवणकाम करत ती दिल्लीतच राहिली. दर शनिवारी दुपारी मी त्या केंद्रात जवानांच्या बायकांना कामापुरतं इंग्रजी शिकवायला जात असे, तिथली आमची ओळख.

एका शनिवारी कुणी मेमसाहेब पाहुण्या म्हणून आल्या. त्यांनी विजयमालाच्या खांद्यावर हात ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "शी हॅज लॉस्ट हर हजबंड." बायका निघून गेल्यावर विजयमाला मागे थांबली.

"बाई, साहेब मिसिंग म्हणाले होते. ह्या लॉस्ट म्हणतात. दोनातलं कुठलं धरू?"

'एकच गं ते' म्हणून मला सुटता आलं असतं. पण शिक्षकाची खोड जात नाही. मी म्हटलं, "हे बघ. मी बसमध्ये छत्री विसरले, तर छत्री लॉस्ट. गेली ती गेली, मी दुसरी घेते. पण वर्गात मी हजेरी घेतेय, एक नाव पुकारलं आणि 'हजर' आलं नाही, तर तो मुलगा मिसिंग. कुठे आहे ते ठाऊक नाही, पण त्याचं नाव मी पुकारतेय."

"किती वेळा पुकारता?"

"तीनदा. मग गैरहजर."

तिनं हातातल्या कापडाची कड मुडपली. "म्हणजे पुकारणारं थांबत नाही तोवर मिसिंग," ती म्हणाली. मी हो म्हटलं.

पुढच्या शनिवारपासून तिच्या कपाळावरचं कुंकू ठसठशीत झालं. छावणीतल्या बायका कुजबुजायच्या. बोलणाऱ्याचं तोंड कोण धरणार? संक्रांतीच्या हळदीकुंकवाला त्या मुद्दाम तिला नाव घेण्याचा आग्रह करत. ती उखाणा घेत नसे. "ते आले की घेईन," एवढंच म्हणे. जुन्या वळणाची बाई, एरवीही नवऱ्याचं नाव तिच्या तोंडून कुणी ऐकलं नव्हतं. बोलण्यात नेहमी 'हे' किंवा 'ते'.

चौऱ्याहत्तरच्या जानेवारीत तिचे सासरे गावाहून आले. हिंमतराव, महायुद्धातले हवालदार. पांढरा पटका, जुना फौजी कोट आणि हातात एक कापडी पिशवी. शनिवारी ते केंद्राच्या दारातच उभे होते.

"बाई, तुमचं ऐकते ती. जरा समजावा तिला." त्यांनी पिशवी उघडून दाखवली. आत पळसाची वाळकी पानं होती. "ह्याचा पुतळा करायचा, त्याला अग्नी द्यायचा, पाणी सोडायचं. दोन वर्सं झाली, पोरगं पाण्यावाचून फिरतंय."

मी म्हटलं, "पण हिंमतराव, अशा माणसासाठी बारा वर्षं थांबायचं असतं ना?"

"बारा वर्सं मी कुठनं आणू? त्याला मूल न्हाई. माझ्यामागं त्याला पाणी देणार कोण?"

विजयमाला शिवणयंत्रापाशी उभी होती. ती सासऱ्यांपुढे मान वर करत नसे, त्या दिवशी मात्र तिनं केली.

"मामंजी, पुतळा जाळला की मी विधवा झाले. आणि उद्या ते दारात येऊन उभे राहिले तर?"

म्हाताऱ्यानं पिशवीचं तोंड आवळलं. "तुझ्या तोंडातनं हो आल्याबिगर मी काडी वढायचा न्हाई," ते म्हणाले. "पर हो म्हण पोरी. माझा जीव अडकलाय."

मला दोघांचाही राग येईना, हीच पंचाईत होती. एरवी मला कुणाचाही राग चटकन येतो. ती नाही म्हणाली तर हा म्हातारा मरताना डोळे मिटणार नव्हता. ती हो म्हणाली तर तिनं स्वतःच्या हातांनी नवऱ्याला मारल्यासारखं होतं. मी कुणाला काय समजावणार? मी चहा मागवला.

आमच्या महाराष्ट्र मंडळाची एक प्रथा होती. पानिपतची लढाई झाली संक्रांतीच्या दिवशी, म्हणून दरवर्षी बस करून सगळे काला अंबला, पानिपतच्या रणभूमीवर, जात. संक्रांतीला केंद्र सरकार सुट्टी देत नाही, तेव्हा सरकारी नोकरांचं पानिपत पुढच्या रविवारी व्हायचं. आणि बस केलीच आहे तर बायकांचं हळदीकुंकूही तिथेच उरकायचं. लढाईचं सुतक आणि सुवासिनींचं वाण एकाच शेतात. हे फक्त दिल्लीच्या मराठी माणसालाच सुचू शकतं. मंडळाचे सेक्रेटरी भाऊसाहेब, कुठल्याशा मंत्रालयात सेक्शन ऑफिसर, यांना विजयमालाबद्दल कळलं आणि ते उत्साहानं माझ्या घरी आले.

"अरुणाताई, त्यांना घेऊनच या. बिल्कुल योग्य प्रसंग आहे. जवानाचे वडील, जवानाची पत्नी, वाह! मी भाषणात उल्लेख करतो."

मी नाहीच म्हणणार होते. पण हिंमतरावांना पानिपत बघायचं होतं. "जन्मभर नुसतं ऐकलंय," ते म्हणाले. म्हणून आम्ही तिघं गेलो. त्यांनी पिशवी बरोबर घेतली होती.

धुकं इतकं दाट की बस चालली आहे की उभी आहे ते कळत नव्हतं. हिंमतराव खिडकीला नाक लावून बसले होते. मध्येच म्हणाले, "आमच्या येळंला लढाई सरली की सुभेदार स्वतः उभं ऱ्हाऊन नाव पुकारायचे. तीनदा. तिसऱ्या हाकेला कुणी ओ दिली न्हाई तर मग खोडायचं. त्याच्या आधी न्हाई."

"ह्यांना कुणी तीनदा पुकारलं असेल का?" विजयमालानं विचारलं.

हिंमतरावांनी खिडकीची काच कोटाच्या बाहीनं पुसली. ते त्यांनाही ठाऊक नव्हतं आणि मलाही.

काला अंबला त्या वेळी फारसं काही नव्हतं. गव्हाच्या शेतांमध्ये, कुंपणातला एक स्तंभ. सतरंज्या अंथरल्या, हार घातला, आणि भाऊसाहेब उभे राहिले. भाषण दरवर्षीचंच होतं. दोन मोती गळाले, मोहरा हरवल्या, आणि खुर्दा किती गेला त्याची गणतीच नाही, असा पुण्याला निरोप गेला, हे सांगताना त्यांचा आवाज दरवर्षी त्याच जागी भरून येतो. विजयमाला माझ्या कानाशी आली.

"बाई, खुर्दा म्हणजे शिपाईच ना?"

"हो."

"मग त्यांना हाका कुणी मारल्या?"

भाऊसाहेब तोवर सदाशिवरावभाऊंच्या पार्वतीबाईंपर्यंत आले होते. भाऊ गेले हे जिनं शेवटपर्यंत मानलं नाही, कपाळाचं कुंकू पुसलं नाही, केवढं ते सत्त्व, अशा माउलीपुढे आपण नतमस्तक झालं पाहिजे. सगळे नतमस्तक झाले. टाळ्याही झाल्या. भाऊसाहेबांच्या पत्नी चंद्रप्रभावहिनी डोळे पुसत होत्या.

मग पुरुष चहाकडे वळले आणि बायका ओळीनं बसल्या. चंद्रप्रभावहिनींनी पहिलं नाव घेतलं, "तिळाच्या वडीवर खोबऱ्याचा कीस, भाऊसाहेबांचं नाव घेते संक्रांतीचा दिवस." हसणं झालं. चांदीची कोयरी घेऊन त्या एकेकीला हळदकुंकू लावत आमच्यापर्यंत आल्या. विजयमालानं मान वर करून कपाळ पुढे केलं. वहिनींचं बोट कुंकवात बुडालं, वर आलं आणि तिथेच थांबलं. मग हात खाली गेला. त्यांनी विजयमालाच्या तळहातावर तिळगूळ ठेवला, तिच्या गालावरून हात फिरवला, "गोड बोल हं बाळा," म्हणाल्या आणि माझ्याकडे वळल्या.

मी कपाळ मागे घेतलं. "आधी तिला."

"अहो अरुणाताई, मला वाटलं तिलाच अवघड वाटेल. मी आपलं तिच्या मनाला लागू नये म्हणून..."

त्या खरंच बोलत होत्या. वाईट बाई नव्हेत त्या, म्हणून तर मला जास्त संताप आला. दोनशे वर्षांपूर्वीच्या बाईचं कुंकू ह्यांना चालतं, समोर बसलेलीचं चालत नाही. मी तसं म्हणणार होते, तेवढ्यात हिंमतराव चहाचा पेला टाकून बायकांच्या सतरंजीपर्यंत आले. त्यांनी सगळं पाहिलं होतं.

"माझं पोरगं मेलं असं मी म्हणायचं," ते चंद्रप्रभावहिनींना म्हणाले. "तुम्ही न्हाई."

वहिनींनी डोक्यावर पदर घेतला. हिंमतराव वळले. पिशवी त्यांनी कुंपणाशी ठेवली, पटका सारखा केला, टाचा जुळवल्या. म्हाताऱ्या माणसाच्या छातीतून एवढा आवाज निघेल असं मला वाटलं नव्हतं.

"नायक हिंदुराव हिंमतराव शेळके!"

शेतांवरून आवाज गेला आणि धुक्यात विरला. लांब कुठेतरी विहिरीवरचं इंजिन चालू होतं. चहाकडचे पुरुष हातात कप धरून बघत राहिले.

"नायक हिंदुराव हिंमतराव शेळके!"

ह्या वेळी आवाज मधेच चिरकला. त्यांनी पुन्हा श्वास घेतला, तोंड उघडलं, आणि काहीच आलं नाही. पुन्हा उघडलं. दोन वर्षं ज्यासाठी त्यांचा जीव अडकला होता ते एका हाकेवर आलं होतं, आणि बापाला ती हाक घालवेना. कुंपणाची सळई धरून ते हळूहळू खाली बसले. पटका एका बाजूला कलला. कुणी पुढे झालं नाही.

विजयमाला उठली. तिनं तिळगूळ माझ्या हातात दिला. सासऱ्यांच्या शेजारी जाऊन ती उभी राहिली, पदर खांद्यावर ओढून घेतला आणि तिनं नाव घेतलं. उखाणा नाही, राव नाही, अहो नाही. शेतातल्या माणसाला भाकरीला बोलवावं तशी मोकळी, मोठी हाक.

"हिंदूऽऽ!"

मग ती थांबली. आम्ही सगळेच थांबलो. खोटं कशाला बोलू, मीसुद्धा धुक्याकडे टक लावून पाहत होते. ते इंजिन तेवढं वाजत होतं. ती बराच वेळ उभी राहिली, एखाद्याला लांबून चालत यायला जेवढा वेळ लागेल तेवढा.

मग ती खाली बसली, सासऱ्यांचा पटका सरळ केला आणि पळसाच्या पानांची पिशवी उचलून त्यांच्या मांडीवर ठेवली.

"द्या मामंजी. पाणी द्या त्यांना."

हिंमतराव हुंदके देऊन रडू लागले. मग बायकाही रडू लागल्या, आणि मीही. विजयमाला रडत नव्हती. चंद्रप्रभावहिनी कोयरी घेऊन धावत गेल्या, तिच्यासमोर गुडघ्यांवर बसल्या, बोट कुंकवात बुडवलं.

"चुकलं गं माझं. ये, मी लावते. इकडे कर कपाळ."

विजयमालानं त्यांचा हात हलकेच धरून खाली केला.

"मगाशी लावायचं होतं, वहिनी," ती म्हणाली. "आता नको."