बांधातला दरवाजा आणि अंडीवाली ताई

मित्रांनो, दार म्हटलं की तुम्हाला कडी-कोयंडा आठवतो आणि दारावरची घंटा आठवते. तसली दारं दिवसभर उघडतात नि मिटतात. मी तसला नव्हे. मी बांधातला एक जुना लोखंडी दरवाजा आहे, आणि माझं बहुतेक आयुष्य उघडं राहण्यात गेलं. दारांच्या जातीत माझ्याइतका निवांत कुणी सापडायचा नाही. पण कधीतरी असा एक दिवस येतो, की त्या दिवशी मी मिटलो नाही तर गाव बुडतं.

आमचं गाव खाडीच्या काठी, तेही सखल जागी. भरतीचं पाणी गावात शिरू नये म्हणून मधे मातीचा उंच बांध आहे. गावातून बोटींच्या धक्क्याकडे जायला त्या बांधात एक वाट ठेवलेली आहे. त्या वाटेच्या कडेला, बांधाला पाठ टेकून मी उभा असतो. रस्त्याला आडवी एक खोल खाच आहे आणि खाचेच्या तळाशी रूळ आहे. वादळाची खबर आली की त्या रुळावरून घरंगळत यायचं आणि वाट बंद करायची, एवढंच माझं काम.

माझा जन्म एका कारखान्यातला. वेल्डरने मला जोडलं तेव्हा ठिणग्यांचा नुसता पाऊस पडत होता. मग लाल रंगाचे दोन हात बसले आणि ट्रकवर उताणा पडून मी गावात आलो. पहिल्यांदा मला बंद करून बघितलं, तेव्हा सगळं गाव जमलं होतं. पोरं माझ्या आडव्या पट्ट्यांवर चढली. कुणीतरी म्हणालं, "काय भारदस्त गडी आहे!" खोटं कशाला बोलू, त्या दिवशी मी जरा फुगलोच.

मला सांभाळायला एक माणूस होता. सगळे त्याला दारवालाच म्हणत. गडी शांत, उंचापुरा, हाताला कायम ग्रीसचा वास. रोज सकाळी तो खाचेतली वाळू झाडून काढायचा, माझ्या चाकांना ग्रीस लावायचा आणि "काय म्हाताऱ्या, झोप झाली का?" असं विचारून माझ्या पोटावर थाप मारायचा. मी तेव्हा अजिबात म्हातारा नव्हतो. पण त्याने म्हटलेलं मला कधी लागलं नाही.

आणि होती त्याची थोरली बहीण, अंडीवाली ताई. बांधाच्या पायथ्याशी पहिलंच घर तिचं. अंगणात खुराडं, खुराड्यात कोंबड्या. रोज सकाळी ती हातगाडीवर अंड्यांचे ट्रे रचून धक्क्यावर जायची. बोटींवरची माणसं तिच्याकडूनच अंडी घ्यायची. पण वाटेत मी होतो आणि माझी ती खाच होती! गाडीचं चाक खाचेत धाडकन पडायचं आणि ट्रेमधून 'कट्ट' असा आवाज यायचा.

"मेल्या!" ताई मला म्हणायची, "सकाळी सकाळी माझ्याच वाटेला येतोस?"

"ताई, खाच आहे ती. ती काय उठून बाजूला होणार आहे?" दारवाला हसायचा.

"तू गप रे ठोंब्या! तूही त्याच्यासारखाच."

दारवाल्याचे केस पांढरे झाले होते, तरी ताईसाठी तो ठोंब्याच होता. फुटलेली अंडी ती त्याच्या डब्यात घालायची. तो ती तव्यावर घालायचा आणि माझ्या सावलीत बसून खायचा. त्याच्या वाट्याला आख्खं अंडं कधी यायचंच नाही, आणि त्याचं त्याला काही वाटायचंही नाही. मला त्या दोघांचं भांडण ऐकल्याशिवाय सकाळ झाल्यासारखी वाटायची नाही.

मित्रांनो, सुखाचे दिवस आले की माणसं विसरभोळी होतात. बरीच वर्षं मोठं वादळ आलं नाही. कुणी बांधाची माती कुंड्यांसाठी उकरून नेली, कुणी बांधावर जायला पायऱ्या खोदल्या, उंदरांनी बिळं केली. नवी पोरं तर मला बांधाची शोभा समजायची. त्यात ती खाच सगळ्यांनाच नकोशी झाली होती. कुणाची सायकल अडकायची, कुणाच्या बाळाची गाडी.

एके सकाळी ताईची हातगाडी त्या खाचेत कलंडली. सगळे ट्रे रस्त्यावर! ताईचा हात मुरगळला. अंड्यांच्या पिवळ्या चिखलात ती तशीच बसली आणि लहान मुलीसारखी रडली. कधी रडणारी बाई नव्हती ती. दारवाल्याला ते बघवेना.

"ताई, उद्यापासून तुझं एकही अंडं फुटणार नाही," तो म्हणाला.

त्याच दुपारी त्याने सिमेंट कालवलं आणि खाच बुजवून टाकली. वरून थापी अशी फिरवली, की रस्ता फरशीसारखा गुळगुळीत झाला. रूळ दिसेनासा झाला. "वादळाचे दिवस जवळ आले की फोडून टाकीन," तो स्वतःशीच म्हणाला. दुसऱ्या दिवशी ताईची गाडी माझ्यासमोरून अलगद गेली. जाता जाता तिने भावाच्या पाठीवरून हात फिरवला. सगळ्यांनी त्याचं कौतुक केलं. मला कुणी काही विचारलं नाही. विचारलं असतं तरी लोखंडाला कुठे बोलता येतं?

वादळाचे दिवस जवळ आले. दारवाला पहार घेऊन आलाही, पण समोरून ताईची गाडी येताना दिसली आणि त्याचा हात थांबला. "जाऊ दे, पुढच्या आठवड्यात," म्हणाला. माया वाईट नसते हो. पण तिला कधी कधी पुढचं दिसत नाही.

त्या वर्षीचं चक्रीवादळ नेहमीच्या दिवसांच्या आधीच वळून आलं. भर दुपारी अंधारलं. दारवाला धावत आला आणि पहारीने सिमेंटवर तुटून पडला. ताईही आली, मुरगळलेल्या हाताने ढिगारा उपसायला लागली. अर्धी खाच मोकळी झाली. दोघांनी मला ढकललं. मी अर्ध्या वाटेपर्यंत गेलो आणि सिमेंटला अडकलो. पुढे इंचभरही सरकेना. लोक वाळूची पोती टाकत होते, पण पाणी काय थांबतंय? ते माझ्या बाजूने घुसलं आणि उंदरांच्या बिळांतून बांध पोखरत गेलं. बघता बघता बांधाचा मोठा लचका तुटला.

माणसं वेळेत शाळेच्या वरच्या मजल्यावर पोचली, एवढंच नशीब. पण खालच्या गल्ल्यांत पाणी तुंबून राहिलं. ताईचं घर पडलं. कोंबड्या वाहून गेल्या. मी चिखलात आडवा झालो.

त्यानंतर मी जे पाहिलं ते वादळापेक्षा वाईट होतं. बहीणभावाचं बोलणं थांबलं. भांडण नाही, काही नाही. ताई टेकडीवर मावसबहिणीकडे राहायला गेली. दारवाल्याने माझ्या कुलपाची चावी ग्रामपंचायतीच्या ऑफिसात नेऊन दिली आणि तो गावाच्या दुसऱ्या टोकाला हमाली करू लागला. त्याला वाटायचं, आपल्यामुळे ताईचं घर गेलं, आता कुठल्या तोंडाने तिच्यासमोर जायचं? आणि ताई माझ्याजवळ येऊन उभी राहायची नि पुटपुटायची, "माझ्या अंड्यांपायी झालं रे हे. त्याच्या नावाला बट्टा लागला." दोघंही एकमेकांसाठी झुरत होती आणि दोघंही गप्प. मला असं व्हायचं, की दोघांना समोरासमोर धरून गदागदा हलवावं!

मग बांध नव्याने बांधायचं काम सुरू झालं. एक इंजिनियर बाई आली. गुडघ्यापर्यंत बूट आणि बुटांवर कायम चिखल. तिने पोखरलेली माती घट्ट जमीन लागेपर्यंत काढायला लावली. जाड लोखंडी पत्रे जमिनीत उभे ठोकले, म्हणजे बांधाखालून पाणी झिरपायला नको. वर चिकणमातीचे थर. एक थर टाकायचा, पाणी मारायचं, रोलर फिरवायचा, मगच पुढचा थर. बाई माती हातात घेऊन तिची वळी वळायची. वळी तुटली की ओरडायची, "कोरडी आहे! घाई कसली लागलीय?" खाडीच्या बाजूला दगड बसले, गावाच्या बाजूला गवत लागलं. मी आडवा पडून सगळं बघत होतो. इतका जीव लावून केलेलं काम मी आजवर पाहिलं नव्हतं.

पण माझ्या पोटावर खडूने फुली मारली गेली होती. भंगारवाला कापायला येणार होता. बाईने गावकऱ्यांना बांधावर बोलावलं आणि स्पष्ट सांगितलं, "ही वाट कायमची बंद करू. भिंत बांधू. धक्क्यावर जायचं तर वळसा घालून. दार ठेवायचं म्हणजे माणसांवर भरवसा ठेवायचा. भिंतीला तो लागत नाही."

गर्दीच्या एका टोकाला दारवाला मान खाली घालून उभा होता. दुसऱ्या टोकाला ताई होती. ती एकदम पुढे आली.

"बाई, खाच बुजली ती माझ्यामुळे. माझा भाऊ वीस-बावीस वर्षं ते दार जपत होता. त्याला बोल लावू नका."

"तिच्यामुळे कशी?" मागून आवाज आला. दारवालाच तो! "ती काही म्हणाली नव्हती. मी आपणहून बुजवली."

"मी रडले म्हणून बुजवलीस ना?"

"तू रडलीस ती हात दुखला म्हणून. सिमेंट मी कालवलं!"

"अरे, पण अंडी कुणाची होती?"

"आणि थापी कुणाची होती?"

"ठोंब्या, गप बस! चूक माझी आहे म्हटलं ना!"

कितीतरी महिन्यांनी 'ठोंब्या' ऐकलं आणि दारवाल्याचा बांध फुटला. एवढा उंचापुरा माणूस ताईच्या खांद्यावर डोकं ठेवून हुंदके द्यायला लागला. ताई त्याच्या पाठीवर थोपटत होती आणि रडता रडता त्याला रागावतही होती. आधी कुणीतरी हसलं, मग सगळेच डोळे पुसत हसायला लागले. तेवढ्यात एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "खाचेवरून तर आम्हीही चाललो. कौतुकही केलं. बांधाची माती मीच कुंड्यांत भरली." पाठोपाठ एकेक जण बोलू लागला.

बाईने बुटांवरचा चिखल झटकला. मग म्हणाली, "दार ठेवते. पण एका अटीवर. दर महिन्याला ते बंद करून बघायचं आणि ते सगळ्या गावाने बघायचं. एकट्या माणसावर टाकायचं नाही."

"खाच मी झाडीन," ताई म्हणाली.

"आणि अंडी?" दारवाल्याने विचारलं.

"खाचेवर फळी टाकीन. गाडी गेली की उचलून सोबत नेईन. इतकी साधी गोष्ट आधी सुचली असती, तर एवढं रामायण झालं नसतं!"

माझ्या पोटावरची फुली दारवाल्याने स्वतःच्या बाहीने पुसली.

मला नवी चाकं मिळाली, कडेने रबरी पट्टी मिळाली, नवा रंग मिळाला. ताईचं घरही पुन्हा उभं राहिलं, या वेळी उंच जोत्यावर, आणि खुराड्यात नव्या कोंबड्या आल्या. आणि पुढच्याच वर्षी पुन्हा वादळ आलं. खरं सांगतो, माझी तर पाचावर धारण बसली होती. दारवाल्याने हात लावला, मागे ताई, तिच्यामागे निम्मं गाव. मी घरंगळलो, सरळ पलीकडच्या खांबाला जाऊन भिडलो. बाहेर खाडी माझ्या छातीवर डोकं आपटत होती. आत रस्ता कोरडा होता. माझा जीव भांड्यात पडला.

पाणी ओसरेपर्यंत बहीणभाऊ माझ्या पाठीला टेकून बसले होते. ताईच्या मांडीवर ती फळी होती. तिने पदराखालून डबा काढला आणि त्यातलं उकडलेलं अंडं दारवाल्याच्या हातावर ठेवलं. तो ते उलटंसुलटं करून बघू लागला.

"काय शोधतोस?"

"तडा कुठे गेलाय ते."

"कुठेच नाही. आख्खं आहे. खा आता."

मित्रांनो, तुमच्याही वाटेत एखादी खाच असेल, रोज चाक अडखळवणारी, डोक्याला ताप देणारी. ती जरूर ओलांडा, तिच्यावर फळी टाका, हवं तर तिला दोन शिव्या द्या. पण बुजवण्याआधी ती तिथे कशासाठी आहे, एवढं विचारा. आणि माझ्यासारखं कुणी वर्षानुवर्षं नुसतंच उभं दिसलं, तर ते रिकामं आहे असं समजू नका. अधूनमधून त्याच्याही चाकांना ग्रीस लावत जा.

आता सकाळ झाली आहे. ताईची गाडी येते आहे. ती थांबेल, फळी टाकेल, पलीकडे जाईल, फळी उचलेल आणि माझ्या पोटावर चापट मारून विचारेल, "काय मेल्या, जागा आहेस ना?"

जागा आहे, ताई.