पाट रिकामा नेत नाहीत

मी पाट बोलतोय. जेवायला बसायचा नव्हे, गणपतीचा. माझ्यावर माणूस कधी बसला नाही, आणि मांजर बसलं तेव्हा इंदुबाई लाटणं घेऊन त्याच्या मागे लागली होती.

इंदुबाईच्या नवऱ्यानं, कमळाकरनं, मला फणसाच्या फळीतून घडवलं. तो गेला, मी राहिलो. पेणमधल्या चाळीत भाड्याची खोली, पण सासऱ्यापासूनची. दारात तुळस आणि चाळीच्या टोकाला रघूचा मूर्तींचा कारखाना. आषाढ लागला की इंदुबाई मला तिथं देऊन यायची. पाट दिला म्हणजे गणपती सांगितला. विसर्जनानंतर मला रिकामा आणत नसत. नदीतली मूठभर माती माझ्यावर ठेवायची आणि घरी येऊन तुळशीत घालायची, अशी आमची रीत.

मग पुनर्विकास आला. बिल्डरचा माणूस हर्षद म्हणाला, "आजी, तात्पुरतं रोह्याला जा. पुढचा गणपती तुमच्या नव्या खोलीत!"

देवाचं नाव घ्यायला याचं काय जातं? इंदुबाईनं मात्र ते खरं मानलं. रघू जवळच्या हमरापूरला गेला, आम्ही रोह्याला. तिथल्या भाड्याच्या खोलीत तिनं गणपती आणला नाही. "आता येल तो आपल्या दारात," म्हणाली आणि मला फडक्यात गुंडाळून ठेवलं.

यंदा आषाढात मला काखोटीला मारून ती पेणला आली. रघूकडे जाण्याआधी घर बघू म्हणाली. घराच्या जागी खड्डा आणि पत्र्याचं कुंपण. त्यावर लिहिलेलं, 'मूर्तिकारांच्या गावात तुमचं दुसरं घर'. दुसरं! आणि ज्यांचं पहिलंच गेलं त्यांनी काय करायचं? मूर्तिकाराला हाकलायचं आणि त्याच्याच नावावर फ्लॅट विकायचे! मी लाकूड आहे, तरी मला लाज वाटली.

हर्षद फाटकातच भेटला. "आजी, भाडेकरूंच्या खोल्या दुसऱ्या टप्प्यात. अजून नक्की नाही."

"आन् माजा गणपती?"

"पुढच्या वर्षी बघू."

पुढच्या वर्षी! हे आम्ही देवाला म्हणतो, कारण तो नक्की येणार असतो.

हर्षद गाडीत बसून निघून गेला. इंदुबाई सरळ आत शिरली. खड्ड्याच्या कडेला, तुळस होती तिथं वाकली आणि मूठभर माती माझ्यावर ठेवली. वॉचमन धावत आला. "ओ मावशी, साइटवरची माती नाय न्यायची!"

"माज्या घराचा इसर्जन केला ना तुमी? मंग पाट रिकामा नाय नेत, बाबा."

तो खाली बघत बाजूला झाला.

त्या दिवशी आम्ही रघूकडे गेलोच नाही. म्हणजे यंदाही गणपती नाही. आता मी रोह्याच्या खोलीत कोनाड्यात आहे आणि माती माझ्यावर तशीच आहे. इंदुबाई रोज तिच्याकडे बघते.

तुम्ही त्या खड्ड्यावर उभ्या राहणाऱ्या टॉवरमध्ये राहायला याल. गॅलरीत हौसेनं तुळस लावाल. त्याआधी मला एवढंच सांगा, ही माती आम्ही कुठल्या तुळशीत घालायची?